पकडलेलं रक्तचंदन लिलावात विकणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
वनविभाग, आंध्र प्रदेश सरकार

विषय: जंगलातून चोरलेलं आणि तुम्ही पकडलेलं रक्तचंदन परदेशात विकणं थांबवण्याबाबत, आणि शेतातल्या झाडांचा हिशोब नीट ठेवण्याबाबत

साहेब, नमस्कार.

आमच्या देवघराच्या खालच्या खणात रक्तचंदनाचं एक खोड आहे. वीतभरसुद्धा नाही, एका बाजूने उगाळून उगाळून तिरकं झालंय. आजीच्या लग्नात तिच्या आईने औषधाच्या बटव्यासोबत दिलेलं, आजीनंतर आईने वापरलं, आता माझ्याकडे आलंय. पोरगं कुठे धडपडलं, गुडघा सुजला, दाढ ठणकून गाल फुगला की सहाणेवर चार थेंब पाण्यात उगाळायचं, जरा कोमट करायचं आणि लेप लावून टाकायचा. सूज त्या लेपाने उतरते की तिसऱ्या दिवशी ती तशीही उतरणारच असते, यावर आमच्याकडे डॉक्टर असलेल्या जाऊबाईंचं आणि सासूबाईंचं अजून एकमत झालेलं नाही आणि मी त्यात पडत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. ऐंशीएक वर्षं तीन बायकांनी उगाळून ते खोड अजून निम्म्याच्या वर शिल्लक आहे. एका घराला तीन पिढ्या एवढंसं लाकूड पुरलं आणि तुमच्या कागदांवर मात्र आकडे असतात टनांत, हजारो टनांत.

तुम्ही म्हणाल महाराष्ट्रातल्या बाईला आंध्रच्या झाडाचं काय पडलंय. बरोबर आहे, झाड आंध्रचं. पण खोड आमच्या घरात, चोरीचे कंटेनर आमच्या न्हावाशेवा बंदरात पकडले जातात, आणि रोपं आमच्या मावशीच्या रानात, सोलापूरकडे. त्या रोपांमुळेच खरं तर हे पत्र लिहायला बसले, त्याच्यावर येतेच, पण आधी झाडाबद्दल थोडं. तुम्हाला नाही, तुम्हाला माहितीच आहे, हे पत्र बाकीचे वाचतील त्यांच्यासाठी.

आमच्याकडचे लोक बालाजीला जातात ना, सोलापूरहून रेल्वेने, तर गाडी गुंतकल, कडप्पा करत रेणिगुंट्याला जाते. कडप्पा सुटलं की पुढे राजमपेट, कोडूर ही स्टेशनं लागतात आणि उजव्या हाताला डोंगरांची रांग सुरू होते, खडकाळ, उन्हात करपलेली, बघणाऱ्याला वाटावं इथे काय उगवत असणार. रक्तचंदनाचं घर ते. शेषाचलम, पालकोंडा, लंकामल्ला, वेलिकोंडा हे पूर्व घाटाचे दक्षिणेकडचे डोंगर आणि तमिळनाडूच्या हद्दीतला थोडा भाग, सगळं मिळून सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर, आणि अख्ख्या जगात हे झाड आपणहून उगवतं ते एवढ्याच पट्ट्यात. मी त्या गाडीने चार वेळा गेलेय आणि चारही वेळा त्या पट्ट्यात डबा उघडून पुरी-भाजी खात होते. बाहेर कोण बघतंय. आता 'पुष्पा' हा रक्तचंदनाच्या चोरीवरचा सिनेमा आल्यापासून मात्र गाडीतली पोरं खिडकीतून बोट दाखवतात आणि हिरोसारखी दाढीखालून हात फिरवतात. हिरो चोर आहे हे त्यांना माहीत असतं, त्याचं काही वाटत नाही.

नावात चंदन असलं तरी आपल्या पांढऱ्या चंदनाशी याचं काही नातं नाही. वास नाही, तेल नाही. हे शेंगांच्या कुळातलं, आपल्याकडच्या बिबळ्याचं (कुणी बीजा म्हणतं, कुणी असाणा) सख्खं भावंड. साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तुकड्यांनी फुटलेली. आतला गाभा लालभडक, त्यातल्या सँटालिन नावाच्या रंगामुळे, आणि इतका घट्ट की पाण्यात टाकला तर बुडतो. तो गाभा धरायलाच झाडाला कितीतरी वर्षं लागतात, विकण्याजोगा व्हायला पंचवीस-तीस वर्षं तरी धरा, आणि ते डोंगर म्हणजे काही उसाचं रान नव्हे, तिथे झाड मुंगीच्या पावलाने वाढतं. चीनमध्ये या लाकडाच्या जुन्या राजेशाही थाटाच्या खुर्च्या-कपाटं करतात, जपानमध्ये शामिसेन नावाच्या तंतुवाद्याची दांडी करतात, आणि त्यातही काही झाडांच्या लाकडात लाटेसारखी नक्षी असते तिला तर विचारूच नका असा भाव. नक्षी आहे की नाही हे बाहेरून कळत नाही म्हणून चोर आधी खोडाला खाच पाडून बघतात, नसली तर झाड तसंच जखमी सोडून पुढे जातात असं ऐकलंय. हे खरं असेल तर तुमच्या गार्ड लोकांना जास्त माहीत.

आता कागदावरचं. १९९५ पासून हे झाड सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे परदेशी व्यापार करायचा तर परवाने लागतात. २००४ पासून सायटिसने भारताच्या या व्यापारावर खास नजर ठेवलेली, ती जवळजवळ वीस वर्षं राहिली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत उठली. तेव्हा पेढे वाटल्यासारख्या बातम्या आल्या होत्या. आययूसीएन या निसर्ग राखणाऱ्या जागतिक संस्थेने २०१८ मध्ये या झाडाला 'एन्डेंजर्ड' (धोक्यात) वरून एकदम 'नियर थ्रेटन्ड' (धोक्याच्या जवळ) मध्ये नेऊन ठेवलं होतं, तब्येत सुधारली म्हणून डिस्चार्ज दिल्यासारखं, आणि काही वर्षांतच परत 'एन्डेंजर्ड' मध्ये भरती केलं. तीन पिढ्यांत, झाडाच्या पिढ्या बरं का, माणसाच्या नव्हे, झाडांची संख्या ५० ते ८० टक्क्यांनी घटली असं त्यांचं म्हणणं. आमच्या खोडाच्या तीन पिढ्या आणि त्या झाडाच्या तीन पिढ्या, जाऊ दे.

मुद्द्यावर येते.

२२ सप्टेंबर २०२१ ला आसाममध्ये, काझीरंगाजवळच्या बोकाखातला, गेंड्याची २,४७९ शिंगं सरकारने जाहीरपणे जाळली. मुख्यमंत्री हजर, टीव्हीवर लाईव्ह. का जाळली, तर जगाला सांगायला की या शिंगाला किंमत नाही, ते विकायची वस्तूच नाही, सरकारी कोठारातलं शिंगही बाजारात येणार नाही, तेव्हा वाट बघत बसू नका. मला ते बघताना फार भारी वाटलं होतं. त्याच्या आधी केनियाने ३० एप्रिल २०१६ ला १०५ टन हस्तिदंत जाळलेलं, तेही असंच.

आणि रक्तचंदनाचं आपण काय केलं? शेषाचलमच्या जंगलात तोडलेलं, ट्रकमध्ये पकडलेलं, केस झालेलं लाकूड गोडाऊनमध्ये ग्रेडप्रमाणे लावलं, ए ग्रेड, बी ग्रेड, सी ग्रेड, आणि ई-लिलाव पुकारला. भारताने सायटिसला कळवलेला कोटा बघा: लागवड केलेल्या झाडांचं लाकूड वर्षाला ३१० टन, आणि जप्त साठ्यातलं एकरकमी ११,८०६ टन. मी कॅल्क्युलेटर घेऊन भाग दिला. अडतीस. म्हणजे देशातल्या सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून अडतीस वर्षं विकावं तेवढं लाकूड चोरांच्या मालातून एका फटक्यात बाहेर जायला मोकळं. त्यातून आंध्रला ८,५८४ टन निर्यात करायची परवानगी मिळाली आणि २०१४ पासून लिलाव सुरू झाले.

साहेब, यात बेकायदा काही नाही, तुमच्याकडे सगळ्याचे कागद असणार. पण जरा त्या खरेदीदाराच्या जागी बसून बघा. त्याला लाल लाकूड पाहिजे. ते भारतातून दोन वाटांनी येतं, एक चोरट्या कंटेनरमधून, दुसरं सरकारी लिलावातून, आणि दोन्हीकडचं लाकूड त्याच डोंगरातलं, त्याच कुऱ्हाडीने तोडलेलं. चोर पकडला गेला नाही तर माल थेट पोचतो, पकडला गेला तर दोन-चार वर्षं उशिरा, सरकारी शिक्का घेऊन पोचतो. तोडलेलं झाड शेवटी त्याच्याच घरी जातं. आणि एकदा का शिक्क्याचं लाकूड बाजारात फिरायला लागलं की मग कुठल्या खुर्चीचा पाय शिक्क्याचा आणि कुठला बिनशिक्क्याचा हे तिकडच्या कस्टमला तरी कसं कळणार? ओंडका होता तोवर त्याच्यावर नंबर असतो, खुर्चीवर कुठे असतो?

हस्तिदंताच्या बाबतीत हा प्रयोग झालेला आहे. २००८ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांनी सायटिसच्या परवानगीने शंभरेक टन साठवलेलं हस्तिदंत चीन आणि जपानला विकलं, एकदाच म्हणून. त्याने चोरटा बाजार थंडावला की उलट पेटला यावर अभ्यासक अजून भांडतायत. पण पुढे हत्ती कसे मारले गेले ते सगळ्यांनी बघितलं आणि तसली विक्री परत करायला सायटिसमध्ये मंजुरी मिळालेली नाही. मग आपण लाकडाच्या बाबतीत एवढे निवांत कसे?

मी काही जाळा म्हणत नाहीये. खरंच नाही. लाकूड आहे, चांगलं लाकूड आहे, ते जाळायचं म्हटलं तर माझ्या आजीने मला स्वप्नात येऊन झाडलं असतं. आणि लाकूड म्हणजे शिंग नव्हे हेही मला कळतं, गेंडा शेतात लावता येत नाही, झाड येतं. तुमचं म्हणणं असणार की साठा सांभाळायला खर्च येतो, गोडाऊन भरलीत, पहारा लागतो, तिथूनही चोऱ्या होतात, लाकूड उन्हापावसात खराब होतं, आणि लिलावाच्या पैशातून जंगलराखणीचाच खर्च निघतो. सगळं मान्य. फक्त शेवटच्या वाक्याचा हिशोब दाखवा. लिलावातून आलेल्या रुपयातले किती पैसे त्या डोंगरात परत गेले, किती गार्ड वाढले, वणवा विझवायला काय घेतलं, हे सगळं माझ्यासारख्या माणसाला एका पानावर वाचता येईल असं कुठे लावलंय का? मी शोधलं तर टेंडरच्या नोटिसाच हाती लागल्या.

वणव्याचं मुद्दाम लिहिलं. या झाडाचं एक चांगलं आहे, तोडलं तरी खुंटातून फुटतं. म्हणजे ज्या डोंगरात आज नुसते खुंट दिसतात तिथेसुद्धा सगळं संपलेलं नाही, कोंब येतात, पण ते कोंब उन्हाळ्यातल्या आगीत जळतात, गुरं खातात, आणि बी म्हणाल तर शेंग एवढी कडक असते की त्यातून उगवण रडतखडत. तेव्हा लिलावाच्या पैशातून वर्षभर कोंबांची राखण करायला गावातली माणसं ठेवली असती तरी पुष्कळ झालं असतं. असतील ठेवली तर सांगा, मी हे वाक्य खोडेन.

आता माणसांचं. हे लिहिताना मला नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये शेषाचलमच्या जंगलात तुमच्याच खात्याचे दोन जण चोरांच्या हल्ल्यात मारले गेले. ७ एप्रिल २०१५ ला त्याच जंगलात रक्तचंदनाची चोरी रोखणाऱ्या टास्क फोर्सच्या गोळीबारात २० लाकूडतोडे मेले. सगळे तमिळनाडूचे, तिरुवन्नामलई, धर्मपुरी, सेलम त्या बाजूचे, बरेचसे डोंगरातले आदिवासी. चकमक होती की आणखी काही यावर तेव्हापासून वाद आहे, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने दर कुटुंबाला ५ लाख अंतरिम मदत द्या असं सुचवलं होतं. तमिळमध्ये या झाडाला सेम्मरम म्हणतात, लाल झाड. तिकडच्या जवादूच्या डोंगरातल्या माणसाला मुकादम सांगतो, चल आठवडाभर, मेस्त्रीकामापेक्षा कितीतरी जास्त देतो, आणि तो जातो. पकडला गेला की आंध्रच्या तुरुंगात, जामीन कोण देणार, भाषा वेगळी, वकील ओळखीचा नाही. आणि ज्याने पैसे लावले तो कुठे असतो? चेन्नईत, दुबईत, हाँगकाँगमध्ये, कुठेही असतो, तो डोंगर चढलेलाच नसतो. मी लाकूड तोडणाऱ्याची बाजू घेत नाहीये, झाड तोडलं तर शिक्षा झालीच पाहिजे. पण एवढी माणसं ज्या लाकडापायी मेली, तुमची पण आणि त्यांची पण, ते लाकूड पुढे ग्रेड लावून विकायला काढताना कुणाला कसंतरीच झालं नाही का? मला तरी झालं वाचून.

बरं. मावशीकडे येते.

२०१६ साली मावशीच्या गावात एक माणूस आला. जीप, रंगीत पत्रक, लॅमिनेट केलेला फोटो. रक्तचंदन लावा, एकरी अमुक झाडं, बारा वर्षांत एका झाडाचे एवढे, म्हणजे एकरी कोटी. पाणी कमी लागतं, रोग नाही, गुरं खात नाहीत (खातात). आमचे आप्पा, म्हणजे मावशीचे यजमान, तसे हुशार, बँकेच्या माणसाला पण तीन वेळा हिशोब करायला लावणारे, पण सलग तीन दुष्काळ बघितलेल्या माणसाला कोटी हा शब्द वेगळाच ऐकू येत असणार. १२० रुपयाला एक अशी ३०० रोपं घेतली. रोपं देणारा परत येऊन माल विकत घेणार होता, तसा बाँडपण केला होता स्टँप पेपरवर. तो नंतर आला नाही, फोन लागत नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. अशा पत्रकांवर तुमच्या मंत्रालयाने एकदा मोठ्या अक्षरांत जाहिरात द्यायला पाहिजे होती की बाबांनो शेतात पाणी-खत देऊन झाड फुगतं लवकर, पण तेवढ्याने गाभा लवकर धरत नाही, आणि भाव सगळा गाभ्याला असतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

तीनशेतली ११० जगली. गेल्या वर्षी माझी मुलगी, बीएस्सीला बॉटनी घेतलंय, सुट्टीत मावशीकडे गेली आणि झाडाखाली उभी राहून पानं मोजायला लागली. रक्तचंदनाच्या एका पानात शक्यतो तीन पर्णिका असतात, कधी पाच, आणि बिबळ्याला पाच ते सात. तिने सगळी झाडं फिरून खडूने खुणा केल्या. ६८ रक्तचंदन, ४२ बिबळा. आप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग मावशी म्हणाली, बिबळा काय वाईट आहे का, माझ्या सासऱ्यांना शुगर होती तेव्हा बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणीच देत होतो. झाला विषय तेवढ्यापुरता हलका.

आणि आता दोन महिन्यांपूर्वी एक व्यापारी आला. नाव सांगत नाही, मला त्याचं खरं नाव माहीत असेल याची खात्रीही नाही. ६८ झाडांचे रोख दोन लाख देतो म्हणाला. झाडं आत्ता नऊ-दहा वर्षांची, मांडीएवढी जाड, एक वादळात पडलं होतं ते कापून बघितलं तर आत अंगठ्याएवढा लाल गाभा, बाकी सगळं पांढरं. त्याचं कुणी काही देणार नाही, जळणाच्या भावात जाईल. मग हा दोन लाख कशाचे देतोय? तोड तो करणार, वाहतूक तो करणार, आप्पांनी फक्त सातबारा, आधार आणि सह्या द्यायच्या, झाडांची नोंद आणि मूळ कुठलं त्याचा दाखला काढायचं काम पण तोच करणार. मावशीने फोनवर हे सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याला आप्पांचं लाकूड नकोच आहे, साहेब. त्याला कागद हवाय. सोलापूरच्या शेतातलं ६८ झाडांचं लाकूड असा कागद, आणि त्या कागदावर ट्रकमध्ये काय भरलं जाईल ते शेषाचलमलाच ठाऊक. ही माझी शंका आहे, पुरावा नाही, असता तर पत्र न लिहिता पोलिसात गेले असते.

तेव्हा माझ्याच म्हणण्यातलं भोक मला दिसतंय. मी वर जोरात लिहिलं की जंगलातलं विकू नका, शेतातलं विकू द्या. २०१९ मध्ये तुम्ही लागवडीच्या लाकडाच्या ओंडक्यांची निर्यात खुली केलीत, चांगलंच केलंत, शेतकऱ्याला वाट मिळाली. पण शेतातल्या झाडाचा हिशोब ढिला असला तर तीच वाट जंगलातल्या मालाला मिळते. आणि शेतकऱ्याला कागद काढायला एवढं फिरावं लागतं, तलाठी, मग वनविभाग, मग वाहतुकीचा पास, निर्यात करायची तर दिल्लीपर्यंत, की तो शेवटी म्हणतो घे बाबा तूच काढ, माझी सही घे. ढिलाई आणि छळ दोन्ही एकाच वेळी कसं जमतं हे मला सरकारी कामात नेहमी कोडं वाटतं.

मला यातलं तांत्रिक कळत नाही, पण घरातला हिशोब ठेवणारी बाई म्हणून सांगते. झाड लावल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांतच नोंद व्हायला पाहिजे, तोडायच्या वेळी नाही. फोटो, जागेचं लोकेशन, घेर, आणि नक्की कुठलं झाड आहे ते कुणीतरी पानं मोजून लिहून द्यायला पाहिजे. माझ्या पोरीने एका दुपारी खडू घेऊन केलं, तुमच्याकडे तर अख्खं खातं आहे. दर पाच वर्षांनी घेर परत मोजा. मग दहा वर्षांच्या झाडातून कुणी चार क्विंटल लाल गाभा निघाला म्हणून दाखवला तर तिथेच पकडला जाईल, कारण दहा वर्षांचं झाड किती देऊ शकतं ते तुमच्या वहीत असेल. आणि हे सगळं शेतकऱ्याच्या फोनवर, मराठीत, तेलुगूत, तमिळमध्ये, एकाच ठिकाणी, फुकट. वृक्षलागवडीचे सेल्फी अपलोड करायला ॲप निघतात तर याला का निघू नये.

आणि जप्तीचं लाकूड. ते ओंडक्यांत बाहेर पाठवणं बंद करा. कायमचं, आणि तसं सगळ्या जगाला ऐकू जाईल असं जाहीर करून, बोकाखातला आसामने केलं तसं, फक्त आगीशिवाय. जे साठलंय ते देशातच थोडं थोडं, नंबर टाकून वापरा. तिरुपतीकडे रक्तचंदनाच्या बाहुल्या करणारे कारागीर आहेत, तमिळनाडूत नवरात्राच्या गोलूत मांडतात त्या मरापाचीच्या जोड्या याच लाकडाच्या, त्यांना सरळ सरकारी भावाने चांगलं लाकूड मिळू द्या. आयुर्वेदाच्या औषधांना लागतं ते द्या. बाजारात लाल पावडरची पाकिटं मिळतात फेसपॅकसाठी, त्यात रक्तचंदन असतं की रंगवलेला भुसा हे देव जाणे, त्या पावडरवाल्यांना पण स्वच्छ माल कुठून घ्यायचा ते कळेल. यातून कोट्यवधी डॉलर येणार नाहीत हे मला कळतं. कमी पैसे येतील. गोडाऊनचा खर्च पण चालूच राहील. पण चीनमधल्या त्या खरेदीदाराला हे कळेल की पकडला गेलेला माल आता उशिरासुद्धा येणार नाही.

उलट प्रश्न येईल म्हणून आधीच लिहिते, शेतातलं विकलं तरी मागणी जिवंत राहतेच ना? राहते. त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. पण एवढ्या शेतकऱ्यांना लावा-लावा म्हणून सांगून झाल्यावर आता तुमचं झाड विकायचंच नाही असं सांगणं मला तरी जमणार नाही, तुम्हालाही जमू नये.

एक राहिलंच. जे डोंगरातले लोक तोडायला जातात त्यांच्यातलेच राखणीला घ्या असं मी म्हणणार होते, पण तुमच्याकडे तसे प्रयोग झाले असतील, कुठे फसले, कुठे चालले ते तुम्हीच लिहा, मी इथून शहाणपणा शिकवणं बरं दिसत नाही.

उत्तर मराठीत नसलं तरी चालेल, इंग्रजीतलं मुलगी वाचून दाखवेल, तेलुगूतलं आलं तर आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर नेल्लोरचं कुटुंब आहे. फक्त जरा लवकर द्या. तो व्यापारी दर आठवड्याला मावशीकडे फोन करतो, आता अडीच लाखावर आलाय, आणि आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय. मी त्यांना सांगितलंय की सही करू नका, साहेबांना पत्र टाकलंय, दिवाळीपर्यंत थांबा. ते बरं म्हणालेत.

कळावे,
लोभ असावा.